सांग बरं, हे काय?

शनिवारी सकाळी मुंबई-पुण्याचे आईबाप मुलांना समुद्र दाखवायला अलिबागजवळच्या किहीमच्या किनाऱ्यावर आणतात. समुद्र दाखवणं सोपं आहे. तो समोरच असतो आणि टाळायचा म्हटलं तरी टळत नाही. पण हल्ली नुसतं दाखवून भागत नाही, परीक्षाही घ्यावी लागते. त्यामुळे वाळूत पाय टाकल्या टाकल्या सुरुवात होते. ‘सांग बरं, हे काय?’ ‘सी.’ ‘व्हेरी गुड! आणि हे?’ ‘सँड.’ ‘आणि ते लांब काय दिसतंय?’ लांब खांदेरी-उंदेरी दिसत असतात. पोराला ते ठाऊक नसतं. बापालाही नसतं. बाप म्हणतो, ‘आयलंड! से आयलंड.’ पोरगं ‘आयलंड’ म्हणतं, टाळी मिळते. 1679 साली शिवाजी महाराजांनी जे बेट तटबंदी घालून इंग्रजांच्या नाकासमोर उभं केलं आणि ज्याच्या शेजारच्या बेटावर सिद्दीने लगोलग स्वतःचा किल्ला बांधून भांडण उशाशी आणून ठेवलं, ते सगळं प्रकरण एका इंग्रजी शब्दात मिटतं.

या ‘सांग बरं’ जातीच्या प्रश्नाची गंमत अशी, की विचारणाऱ्याला उत्तर आधीपासून माहीत असतं. मोठी माणसं एकमेकांना असं कधी विचारत नाहीत. नवऱ्याने चहाचा कप वर धरून बायकोला ‘सांग बरं, हे काय?’ असं विचारून बघावं. पुढचा चहा त्याला स्वतः करावा लागेल. उत्तर माहीत असून प्रश्न विचारायचा अधिकार पूर्वी फक्त मास्तरांना आणि फौजदाराला होता. आता त्यात पालकांची भर पडली आहे. आणि बाबांना माहिती नकोय, हजेरी हवीय, हे मुलांच्या फार लवकर लक्षात येतं. मग ती हजेरीपुरतं बोलतात.

आमच्या वाडीतल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, त्यामुळे हा अभ्यास मला घरबसल्या करता येतो. सकाळी पोह्यांच्या बशीवर शब्दसंग्रह वाढत असतो. ‘हा कलर कोणता?’ ‘यलो.’ ‘पोहे यलो कशामुळे झाले?’ इथे माझे कान टवकारतात, कारण हा प्रश्न चांगला आहे. पोरगं बशीत बघतं, चमच्याने पोहे उकरतं, तोंड उघडतं… आणि आई म्हणते, ‘टर्मरिक! से टर्मरिक.’ पोराने उघडलेल्या तोंडात मग घास जातो.

दोन सेकंद. माझ्या पाहण्यातला पालक दोन सेकंदांपेक्षा जास्त शांतता सहन करू शकत नाही. तोच पालक मांडव्याला लाँचच्या रांगेत तासभर उभा राहतो, वडखळच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये बसून जन्माचा विचार करतो, पण पोरगं विचार करायला लागलं की त्याचा जीव कासावीस होतो.

परवाची एक गोष्ट सांगतो, कारण ती मी अगदी शेजारी उभं राहून पाहिली. ओहोटी लागली होती. पाणी मागे गेल्यावर ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी उमटते, मोहरीपासून मटारापर्यंतच्या आकाराची. मधोमध एक बीळ आणि त्याच्याभोवती गोळ्यांच्या ओळी. इवलासा खेकडा वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्याजोगं चाखून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतो. सुरूच्या बनातून एक बाप आणि त्याचा पाच-सहा वर्षांचा मुलगा आले. मुलगा नक्षीपाशी थबकला. बापाने संधी साधली. ‘सांग बरं, हे कोणी केलं?’ मुलगा खाली बसला. ‘क्र…’ बाप म्हणाला. मुलगा बघतोय. ‘क्रॅ…’ बाप म्हणाला. ‘क्रॅब,’ मुलाने सुटका करून घेतली. ‘गुड जॉब, चॅम्प!’ विषय संपला. बाप घोडागाडीची चौकशी करायला गेला.

तेवढ्यात आमच्या आळीतला एक पोरगा, असेल नऊ-दहा वर्षांचा, सायकल ढकलत आला. त्याने सायकल वाळूत आडवी टाकली आणि विचारलं, ‘यातली पहिली गोळी कुठली, सांगशील?’

मी बारकाईने बघितलं, उत्तर त्यालाही माहीत नव्हतं. चॅम्पने बोट दाखवलं. ‘ही. बिळाजवळची.’

‘का?’

‘तो आधी इथेच बाहेर आला असणार ना.’

‘मग लांबची करायला गेला तेव्हा जवळच्या मोडल्या कशा नाय?’

मोठा विचार झाला. चॅम्प पालथा झाला आणि त्याने गाल वाळूला लावला. नव्या कपड्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही, त्याची आई वाचत असेल. ‘त्याने रस्ता ठेवलाय! हा बघ, इथे गोळ्या नाहीत. इथून तो जातो नि येतो.’ आणि खरंच, प्रत्येक दोन ओळींमध्ये बिळापर्यंत जाणारी एक मोकळी पट्टी होती. इतकी वर्षं मी त्या वाळूवरून चालतोय, ती पट्टी मला त्या दिवशी दिसली.

मग ‘या गोळ्या कालच्या की आजच्या’ यावर वाद झाला. चॅम्प म्हणाला कालच्या, कारण इतक्या गोळ्या एका दिवसात होणारच नाहीत. आमच्या पोराने विचारलं, ‘रात्री पाणी कुठवर आलेलं?’ चॅम्पने मागे वळून पाहिलं. वाळूवर शेवाळाची आणि काटक्यांची एक ओळ होती, या जागेच्या पुष्कळ वर. तो बराच वेळ गप्प राहिला, आणि कोणीही ‘भ… भर…’ केलं नाही. ‘मग सगळं पुसलं गेलं असणार,’ तो म्हणाला. ‘म्हणजे आजच्या! म्हणजे तो खूप फास्ट आहे!’ शेवटी त्याने विचारलं, ‘खेकडा वाळू खातो?’ ‘नाय रं. चाखतो नि टाकतो.’ ‘मी पण भाजीतला कांदा असाच काढतो,’ चॅम्प म्हणाला. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्या मुलखात येऊन हे बोलायला धैर्य लागतं. पण विधान बिनचूक होतं. पुराव्यावरून निष्कर्ष, निष्कर्षावरून शंका आणि शंकेवरून स्वतःच्या ताटापर्यंत, असा प्रवास वाळूत पालथं पडून झाला. बाप परत आला तेव्हा त्याच्या हाती मात्र एवढंच आलं, की शर्ट खराब झाला.

पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना घाबरवलेलं आहे. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या अमेरिकन अभ्यासकांनी कॅन्सासमधल्या 42 कुटुंबांत दर महिन्याला तासभर बसून, मुलांच्या कानावर किती शब्द पडतात ते मोजलं आणि 1995 साली त्याचं पुस्तक काढलं. त्यात हिशेब असा, की तीन-चार वर्षांचं होईपर्यंत सुशिक्षित, सुखवस्तू घरातल्या मुलाच्या कानावर गरीब घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द जास्त पडतात. पुढे या आकड्यावर पुष्कळ टीका झाली. 42 घरांवरून एवढी मोठी उडी कशी मारता, आजी, शेजारी, भावंडं यांचं बोलणं का नाही धरलं, वगैरे. पण टीका कोण वाचतो? तीन कोटी लक्षात राहतात. मुंबईत तेवढ्यात दोन खोल्यांचा फ्लॅट येतो, त्यामुळे आकडा ओळखीचा वाटतो. मग पालक हप्ता भरल्यासारखे शब्द भरू लागतात. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर, रविवारी किहीमला जाऊन थकबाकी.

2018 साली बॉस्टनकडच्या अभ्यासकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांचं घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्याच मुलांना गोष्ट ऐकवताना त्यांच्या मेंदूत काय चालतं तेही यंत्रावर पाहिलं. त्यांना आढळलं ते असं, की मोठ्यांनी किती शब्द ओतले यापेक्षा मूल आणि मोठं माणूस यांच्यात बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचा मेंदूतल्या भाषेच्या कामाशी जास्त संबंध लागतो. थोडक्यात, भाषण नको, गप्पा मारा. हे शोधायला मेंदूत डोकावणारं यंत्र लागलं याचं मला वैषम्य वाटत नाही. आमच्या दारावर येणाऱ्या मासेवाल्या मावशीला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं, पण आधी दोन वाटे घ्यावे लागले असते.

ही मावशी म्हणजे भाषाशिक्षणाची चालती शाळा आहे. पाहुण्यांच्या एका मुलाला आईने पैसे देऊन पुढे पाठवलं होतं, तेव्हाचा संवाद मी पडवीतून ऐकला.

‘काय पायजे रं बाला?’

‘फिश.’

‘फिश नाय आनलं आज. बोंबील हाय, मांदेली हाय, करंदी हाय.’

पोरगं टोपलीत बघतं. टोपली मासळीने भरलेली. ‘हे फिशच आहे ना?’

‘ह्याला फिश कोन बोलला? तुला घरात पोरगा म्हनून हाक मारतात का नावानं?’

पोराने नाव सांगितलं. मावशी म्हणाली, ‘मग त्यालापन नाव हाय.’

एवढ्यात वर्गीकरणशास्त्राचा पहिला धडा झाला. मग पोराने एक बोंबील बोटाने दाबून बघितला, तो लगदा झाला, त्याने दचकून हात मागे घेतला. ‘हा सुका कधी होणार?’ म्हणजे सुका बोंबील याच ओल्या बोंबलाचा होतो, हे त्याने आदल्या रात्रीच्या जेवणावरून ताडलं होतं. मी पडवीत मनातल्या मनात टाळी वाजवली. मावशीने टाळी वगैरे वाजवली नाही. ती म्हणाली, ‘वालवला तर सुका होल. आपसूक वालला तर कुजंल.’ वाळणं आणि वाळवणं यांतला फरक शिकवायला व्याकरणाच्या पुस्तकाला पानभर जागा लागते. वर ते समजत नाही, ते वेगळंच. ‘ताजं आहे का?’ पोराने विचारलं. हे वाक्य आईने पढवून पाठवलं असावं. मावशीने एक बांगडा त्याच्या हातात दिला. ‘तू सांग. कल्ले उघड.’ पोराने कल्ले उघडले. आत लालभडक. ‘रेड आहे.’ ‘मग?’ मावशी थांबली. तिला पुढच्या पाच दारांवर जायचं होतं, डोक्यावरून ऊन सरकत होतं, आणि तरी ती थांबली. ‘…म्हणजे अजून रक्त आहे. म्हणजे आत्ताच मेलाय.’ ‘आता पैशे दे,’ मावशी म्हणाली.

भाव तिने दणकून लावला होता. शिकवणीची फी म्हणून मला तो रास्त वाटला.

शब्दाचा अर्थ कळणं ही अर्धी भाषा झाली. उरलेली अर्धी म्हणजे न बोललेलं ऐकू येणं, आणि तिचा अभ्यास अलिबाग तालुक्यातल्या माणसाइतका दुसऱ्या कोणाला करावा लागत नसेल. मुंबईत कोणी वेंधळेपणा केला की ‘अलिबागसे आया है क्या?’ असं विचारायची पद्धत आहे. आमच्या गावचा एक मुलगा पहिल्यांदा मुंबईत काकाकडे गेला. लोकलच्या दारात चुकीच्या बाजूला उभा राहिला. मागच्या माणसाने खेकसून हा प्रश्न विचारला. मुलगा नम्रपणे म्हणाला, ‘नाही, किहीमहून. अलिबाग पुढे, दहा-बारा किलोमीटर.’ शब्दशः पाहिलं तर उत्तराला दहापैकी दहा. खरं म्हणजे माहिती मागितल्यापेक्षा जास्त दिली. पण हा प्रश्न नसून शेरा आहे, हे आवाजावरून, भिवयांवरून आणि मागून आलेल्या धक्क्यावरून ओळखायचं असतं. तो शिकला. पुढच्या खेपेला त्याच प्रश्नाला त्याने ‘हो, तुम्हाला वाट विचारायची होती का?’ असं उत्तर दिलं म्हणतात. ही खरी प्रगती.

या वाक्यावर बंदी घालावी म्हणून 2019 साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका गेली होती. विनोद सगळ्याच समाजांवर होतात, मनाला लावून घेऊ नका, अशा अर्थाचं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. माझ्या मते ते बरंच झालं. वाक्यावर बंदी आली असती तर आमच्या पोरांचं एक फुकटचं प्रशिक्षण बुडालं असतं.

ताडण्याची ही सवय या किनाऱ्यावर जुनी असावी. नौगावला ज्यांचे पूर्वज गलबत फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात, ते बेने इस्राएल लोक इथे तेलाचे घाणे चालवायचे. ते कोण, कुठले, कोणत्या धर्माचे, हे गावाला कळत नव्हतं. पण शनिवारी यांचा घाणा बंद असतो, एवढं गावाने पाहिलं आणि त्यांचं नाव ‘शनवार तेली’ ठेवून टाकलं. एका निरीक्षणावर केवढं नेमकं बोट ठेवलं! केहिमकर हे आडनावही त्याच समाजात सापडतं आणि ते कुठून आलं, हे आमच्या चौथीतल्या पोराला न सांगता कळतं. त्याने फक्त एवढं विचारलं, ‘मग ते गेले कुठे?’ बरेचसे 1948 नंतर इस्राएलला गेले, मी म्हणालो. ‘मग तिथे त्यांना किहीम माहितेय?’ यावर मी गप्प बसलो, आणि पोराने ते गप्प बसणंही वाचलं.

आता आजीकडे वळतो, कारण ती वाट पाहत नाही. आमच्या शेजारची आजी शाळेत चौथीपुढे गेली नाही, पण तिला पाऊणकी तोंडपाठ आहे. पाऊणकी म्हणजे काय, हे आज शहरातल्या इंजिनीअरलाही सांगावं लागतं. पाऊणचा पाढा. आजीला तो लागतो भरतीसाठी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा आमच्या किनाऱ्याचा हिशेब. आज पंचमी? पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पावणेचारला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास मागे-पुढे सुकती. पंधरवडा कुठलाही असो, हिशेब तोच. थोडंफार इकडेतिकडे होतं, पण होडी बुडण्याइतकं नाही. पुण्याहून आलेल्या एका बाईंनी फोनवर भरतीचं वेळापत्रक काढलं आणि आजीने बोटांवर काढलेल्या वेळेशी ताडून पाहिलं. फरक काही मिनिटांचा निघाला. बाईंनी विचारलं, ‘आजी, तुम्ही कोणतं ॲप वापरता?’

पण मला कौतुक हिशेबाचं नाही, आजी नातवाला तो ज्या पद्धतीने देते त्याचं आहे. ती सांगतच नाही. नातू विचारतो, ‘आजे, पाण्यात जाऊ का?’ आजी विचारते, ‘काल उपास कुणाचा व्हता?’ नातू आठवतो. काल घरात साबुदाण्याची खिचडी होती, रात्री चंद्र उगवेपर्यंत आई जेवली नव्हती. म्हणजे संकष्टी. संकष्टी म्हणजे चतुर्थी. म्हणजे आज पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. आत्ता वाजले दोन. म्हणजे पाणी चढतंय. नातू तोंड वाकडं करून म्हणतो, ‘नाय जात.’ आजीने ‘नाही’ हा शब्द उच्चारलासुद्धा नाही. पोराला नकार मिळाला आणि तो त्याचा त्यानेच काढला, त्यामुळे भांडायचं कोणाशी, हा प्रश्न उरला.

आजी कोडी घालते तेही याच चालीवर. एकदा तिने दिवे गेले असताना जागच्या जागी रचून घातलं. दिवसातून दोनदा येते, कोणाकडे मुक्काम करत नाही, येताना शिंपले आणते, जाताना पाऊलखुणा घेऊन जाते. नातू चटकन म्हणाला, ‘लाईट!’ आमच्याकडचा वीजपुरवठा पाहता पहिली दोन लक्षणं तंतोतंत जुळत होती. दुसऱ्या कोणी ‘चूक!’ म्हणून उत्तर सांगून टाकलं असतं. आजी म्हणाली, ‘बरं. लाईट शिंपले आनते का?’ अंधारात पाच मिनिटं शांतता. ‘भरती!’ मग अर्धा तास नातवाचीच कोडी चालली, त्यातलं एकही सुटलं नाही, कारण दर वेळी उत्तर तो मध्येच बदलत होता. आजीने तेही चालवून घेतलं.

शाळेतून आल्यावर हेच पोरगं ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ करायला बसतं. हा एका वाक्याचा आग्रह कोणी सुरू केला ते मला माहीत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या मराठी माणूस लग्नाच्या बोलणीतसुद्धा एका वाक्यात उत्तर देतो, त्याचं मूळ इथे असावं. राजा का रडला? राजा दुःखी होता म्हणून राजा रडला. संपलं. राजा खरंच दुःखी होता की प्रधान समोर उभा होता म्हणून रडला, हे विचारायला रेघ उरत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि अनुताई वाघांसोबत आदिवासी पाड्यांवरच्या अंगणांत बालवाडी भरवली, तेव्हा शिंपले, बिया, खडे, पानं यांचं साहित्य केलं होतं. तेही समुद्रकाठच. शिंपल्याचं एक बरं असतं, त्याच्या पाठीवर उत्तर छापलेलं नसतं. आज त्याच शिंपल्यांचे फोटो चकचकीत कार्डांवर छापून येतात, मागे स्पेलिंग, आणि पाहुणे ती कार्डं घेऊन शिंपल्यांनी भरलेल्या किनाऱ्यावर बसतात. मी एका आईला कार्डावरचा शिंपला मुलाला दाखवताना पाहिलं आहे. मूल खऱ्या शिंपल्यांवर बसलं होतं आणि त्याला टोचत होते.

किहीमची गोष्ट सलीम अलींचं नाव न घेता संपवली तर गावात राहू देणार नाहीत. आईवडिलांविना मामांकडे वाढलेलं हे पोर दहा-बारा वर्षांचं असताना त्याने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका. ही कसली चिमणी, असं त्याने मामांना विचारलं. मामा अमिरुद्दीन तय्यबजी मोठे माणूस, शिकारीचे शौकीन, घरात दबदबा. आजचा पालक असता तर ‘स्पॅरो! से स्पॅरो’ म्हणून मोकळा झाला असता. पण मामांना ती ओळखता आली नाही आणि त्यांनी ते लपवलं नाही. चिठ्ठी देऊन पोराला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्डनेही उत्तर देऊन बोळवण केली नाही, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण पोरासमोर उघडले, की बघ, हिच्यात आणि तिच्यात फरक काय. भारतातलं पक्षिशास्त्र ज्या माणसाच्या नावाने ओळखलं जातं, त्याची सुरुवात एका मोठ्या माणसाच्या ‘मला माहीत नाही’ने झालेली आहे. हे वाक्य मी खोल्यांमध्ये फ्रेम करून लावणार होतो. बायको म्हणाली, पाहुण्यांना वाटेल आपल्याला गिझरचं बटण कुठे आहे ते माहीत नाही.

पुढे 1930 साली हेच सलीम अली बर्लिनहून शिकून परतले, मुंबईत नोकरी राहिली नव्हती, तेव्हा किहीमच्या घरी येऊन राहिले आणि इथल्या सुगरणींची घरटी बघत बसले. ज्ञान म्हणजे उद्योग नसलेल्या माणसाने केलेलं निरीक्षण, ही आमच्या नाक्यावरची व्याख्या त्यामुळे खरी ठरते. तोपर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की एक नर, एक मादी, एक घरटं, सुखी संसार. सलीम अलींनी महिनोन्‌महिने पाहिलं आणि निराळंच निघालं. नर अर्धवट घरटी विणून ठेवतो, माद्या येऊन तपासतात, एखादीला पसंत पडलं की ती आत राहायला जाते, नर ते पुरं करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. 1931 साली हे सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. आजीच्या नातवाला मी हे सांगितलं. त्याने विचारलं, ‘मादीने घर बघून नाय म्हटलं तर?’ तर ते घरटं तसंच अर्धवट लोंबकळत राहतं. ‘म्हणजे आपल्या शेताच्या बाजूची स्कीम!’ तो म्हणाला. मांडव्याला रो-रो सुरू झाल्यापासून आमच्याकडे अर्धवट बंगले पुष्कळ दिसतात, हे त्याने कोणी न सांगता टिपलं होतं. यात ‘सांग बरं, हे काय?’ कुठेच नव्हतं. आजी मात्र घरट्यात काजवे चिकटवून दिवा लावतात, या तिच्या जुन्या मतावर ठाम आहे. आत चिखलाचे गोळे असतात, एवढं खरं आहे. काजव्यांचं तिचं तिला ठाऊक. नातवाने तिला विचारलं, ‘काजवे खिडकीतून उडून गेले तर?’ आजी म्हणाली, ‘घरट्याला खिडकी कुठं असते?’ वाद अजून चालू आहे.

तेव्हा किहीमला जरूर या. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सकाळी सहाच्या सुमारास पाणी खूप आत गेलेलं असतं, त्या वेळी मुलांना उठवून किनाऱ्यावर न्या. कार्डं मुंबईतच ठेवा, धुवायचे कपडे एक जोड जास्त आणा. पोराने काही विचारलं आणि तुम्हाला येत नसेल तर तसं सांगा, येत असेल तरी दहापर्यंत आकडे मोजा. मासळी घ्यायला त्यालाच पुढे करा. बोंबील थोडे महाग पडतील, तेवढे द्या.